‘काळा माणूस’ आणि वऱ्हाडचा कापूस

मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले, ते एका रेल्वेफाट्याचे उद्घाटन करायला. जलंब ते खामगाव हे अंतर अवघे आठ मैल. पण त्या आठ मैलांवर लँकेशायरच्या गिरण्यांची नजर होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इंग्रज गिरणीवाल्यांना वऱ्हाड नकाशावर शोधावे लागले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, मुंबईतले शेअरवाले बुडाले, तरी खामगावचा कापूसबाजार टिकून राहिला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने खास कापूस कमिशनर नेमला होता. हॅरी रिव्हेट-कार्नाक हे त्याचे नाव. मलकापूर, चिखली, मेहकरच्या काळ्या रानातली पराटी वेचून झाली की बैलगाड्या बाजाराची वाट धरत. खामगावात गाठी दाबल्या जात, गाठी आगगाडीने मुंबईला जात आणि तिथून बोटीने लिव्हरपूलला.

खामगाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. बुलढाणा जिल्ह्यात ते आले १९०५ च्या फेररचनेत. पण जिल्हा कोणताही असो, सगळ्या वऱ्हाडाची स्थिती एकच आणि विचित्र होती. कागदोपत्री हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या हाती गेला होता, हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च भागावा म्हणून. धनी एक, वहिवाट दुसऱ्याची, आणि सारा भरणारा कुणबी, माळी, महार हा धनी आणि वहिवाटदार या दोघांनाही परका.

निजामाचे दिवाण सर सालारजंग १८७६ साली लंडनला गेले आणि वऱ्हाड परत द्या, अशी मागणी त्यांनी मांडली. ती मागणी भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांच्या मेजावर आली. सॅलिसबरींनी ती मान्य केली नाही. १८७४ ते १८७८ या त्यांच्या कारकिर्दीत आणखी एका प्रश्नाशी त्यांचा जवळून संबंध आला: विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या सुती कापडावरची ५ टक्के जकात. ती काढून टाका, असा लकडा त्यांनी व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांच्यामागे लावला होता. त्यातून उडालेले खटके हे नॉर्थब्रुक यांनी पद सोडण्यामागचे एक कारण मानले जाते. कापूस इथून कच्चा जावा, कापड होऊन परत यावे आणि वाटेत त्याला कोणी अडवू नये, असा तो हिशेब होता.

याच सॅलिसबरींनी १८७५ साली एका सरकारी टिपणात लिहिले होते, की हिंदुस्थानचे रक्त काढायचेच असेल तर नस्तर जिथे रक्त साकळले आहे तिथे चालवावे. खेडी आधीच रक्तहीन झाली आहेत. एका मंत्र्याने सहजपणे कागदावर उतरवलेले हे वाक्य एका पारशी गृहस्थाने पुढे आयुष्यभर सोडले नाही. सभेत, पत्रात, पुस्तकात जिथे संधी मिळेल तिथे तो ते इंग्रजांना वाचून दाखवत राहिला.

तो गृहस्थ म्हणजे दादाभाई नौरोजी.

त्यांनाही कापूस चांगला माहीत होता. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे हे पहिले हिंदी प्राध्यापक १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार होऊन लंडनला गेले आणि १८५९ मध्ये त्यांनी कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. गणिताची शिस्त आणि व्यापाऱ्याची जमाखर्चाची सवय अशी दोन्ही हत्यारे त्यांच्यापाशी होती. १८७६ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला. सरकारच्याच अहवालांतले आकडे घेऊन त्यांनी इंग्रजी मुलखातल्या माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न काढले होते: २० रुपये. वऱ्हाडाच्या शेजारच्या मध्यप्रांतात तर १८ रुपयेच. मग त्यांनी तुरुंगांचे हिशेब उघडले आणि कैद्याच्या नुसत्या अन्नवस्त्राला काय लागते ते दाखवले. मोकळ्या माणसाचे उत्पन्न त्यापेक्षाही कमी निघाले. शिवाय सरासरीत राजे आणि सावकारही येतात, तेव्हा गरिबाच्या वाट्याला खरोखर याहून कमीच येते, हेही त्यांनी बजावले.

पैसा जातो कुठे, याचेही उत्तर त्यांच्याकडे होते. गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शने, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, फौजेचा आणि दूरदूरच्या लढायांचा भार, कर्जावरचे व्याज. देशातून दरवर्षी माल निघून जातो आणि त्याच्या मोबदल्यात काहीच परत येत नाही, या ओघाला त्यांनी संपत्तीचा निचरा म्हटले. एवढे सांगायला त्यांना पार्लमेंटमध्ये जायचे होते. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक तिथे मांडले जाई, तेही बहुधा अधिवेशनाच्या शेवटी, बाके ओस पडलेली असताना.

हिंदी माणसाने तिथे उभे राहायचा हा पहिलाच प्रयत्न नव्हता. १८८५ मध्ये कलकत्त्याचे बॅरिस्टर लालमोहन घोष डेप्टफर्डमधून लढले आणि पडले. त्याच वर्षी नारायण गणेश चंदावरकर हे ‘इंदुप्रकाश’वाले तरुण संपादक मनमोहन घोष आणि रामस्वामी मुदलियार यांच्यासोबत विलायतेत हिंडून हिंदुस्थानची बाजू मांडत होते. १८८६ मध्ये दादाभाई लंडनच्या होबर्न मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले. मते पडली १,९५०. विरोधातल्या कर्नल डंकन यांना ३,६५१. पारशी पगडी उतरवून इंग्रजी टोपी घाला, असा सल्ला त्यांना हितचिंतकांकडून मिळाला होता. पराभव स्वच्छ होता आणि वर्तमानपत्रांनी दोन दिवसांत त्यावर पडदा टाकला.

तो पडदा वर केला खुद्द सॅलिसबरींनी.

कर्नल डंकन वारले आणि नोव्हेंबर १८८८ मध्ये होबर्नला पोटनिवडणूक झाली. जागा सॅलिसबरींच्या हुजूर पक्षाने राखली, पण मताधिक्य बरेच घटले. आता पंतप्रधान असलेले सॅलिसबरी निकालानंतर लगेच एडिंबरोच्या सभेत बोलायला उभे राहिले आणि घटलेल्या मताधिक्याचा खुलासा करू लागले. गेल्या वेळी फरक मोठा दिसला याचे कारण समोर एक काळा माणूस होता, असे ते म्हणाले. मानवजातीने कितीही प्रगती केली असली, तरी इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतकी मजल आपण अजून मारलेली नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नाव त्यांनी घेतले नाही. दादाभाईंचे वय त्या वेळी ६३ वर्षांचे होते.

पुढच्या काही दिवसांत जे घडले त्याला आजच्या बातमीच्या भाषेत वादळ म्हणतात. लिबरल पत्रांनी पंतप्रधानांवर झोड उठवली, हुजूर पक्षाच्या पत्रांनी सारवासारव केली, विलायतेतल्या गावोगावच्या पत्रांनी हा ‘काळा माणूस’ आहे तरी कोण याची माहिती छापायला सुरुवात केली. तीन दशके लंडनला येत-जात राहून, निबंध वाचून, मंत्र्यांना शेकडो पत्रे लिहून जे नाव इंग्रजांच्या जिभेवर बसले नव्हते, ते एका अपमानाने आठवड्याभरात घराघरात पोचले. जानेवारी १८८९ मध्ये नॅशनल लिबरल क्लबने दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली आणि माजी मंत्री अर्ल स्पेन्सर अध्यक्षस्थानी बसले.

दादाभाई वर्णाने उजळ, सॅलिसबरी दाढीवाले आणि सावळे. दोघांना शेजारी उभे केले तर दोहोंत अधिक काळे कोण, अशी कोटी लिबरल नेते ग्लॅडस्टन यांच्या नावावर सांगितली जाऊ लागली. इंग्रज वाचकांना हा विषय फार आवडला. हिंदी पत्रेही मागे राहिली नाहीत. पंतप्रधानांच्या उद्दामपणावर त्यांनी टीका केली ती योग्यच होती. पण पारशी हे गोरे, आर्य वंशाचे, काळे म्हणजे आफ्रिकेतले लोक, तेव्हा दादाभाईंना काळे म्हणणे चूक, असा युक्तिवादही बराच चालला. हा बचाव वाचताना आज मन खट्टू होते. काळे म्हणणे ही शिवी आहे हे त्यात आधीच मान्य केलेले होते. तक्रार फक्त ती चुकीच्या पत्त्यावर आली एवढीच. ज्या देशात सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या देशातल्या सुशिक्षितांना रंगाच्या पायऱ्या लावणे अवघड गेले नाही.

दादाभाईंची स्वतःची वाट निराळी होती. काही वर्षांनी आयडा वेल्स ही कृष्णवर्णी अमेरिकन पत्रकार तिकडच्या झुंडबळींविरुद्ध लोकमत जागवायला इंग्लंडला आली, तेव्हा तिच्या कामाला पाठिंबा देणाऱ्यांत ते होते. १९०० साली लंडनमध्ये पहिली अखिल आफ्रिकी परिषद भरली, तिलाही त्यांनी पैशाची मदत केली. सॅलिसबरींनी त्यांना ज्या रांगेत ढकलले, त्या रांगेतल्या माणसांपासून त्यांनी अंग चोरले नाही.

आयरिश लोकांनाही त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटे, आणि त्यालाही कारण सॅलिसबरीच. १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करताना, काही समाज स्वराज्याला लायकच नसतात, असे सांगत त्यांनी आफ्रिकेतले हॉटेंटॉट आणि हिंदू यांची उदाहरणे दिली होती. मायकेल डेव्हिटसारख्या आयरिश नेत्याने दादाभाईंची बाजू घेतली, त्यात ही जखम होती. त्याच आयर्लंडमध्ये १४ जून २०१७ रोजी लिओ वराडकर पंतप्रधान झाले. वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, आई आयरिश. जगभरच्या बातम्यांत त्या दिवशी मथळे झळकले ते स्थलांतरित हिंदी बापाचा मुलगा, समलिंगी, वय ३८ असे. मराठी वाहिन्या वराडला जाऊन नातेवाइकांना बोलते करत होत्या. डब्लिनचा मतदार मात्र घरभाडी आणि सरकारी दवाखान्यांतल्या रांगांबद्दल बोलत होता. निवडून आलेल्या माणसाची कूळकथा सांगायला सोपी असते, त्याचे धोरण सांगायला वेळ लागतो. १८९२ च्या लंडनमध्येही हेच झाले होते.

दादाभाई या वेळी उभे राहिले ते सेंट्रल फिन्सबरीतून. हा क्लार्कनवेलच्या बाजूचा कामकरी वस्तीचा मतदारसंघ. घड्याळे बनवणारे, दागिने घडवणारे, छापखान्यांतले कामगार तिथे राहत. उमेदवारी मिळवण्यासाठी दादाभाईंना आधी स्वपक्षीयांशीच वर्षानुवर्षे झगडावे लागले. स्थानिक लिबरलांतला एक गट ‘परका’ उमेदवार नको म्हणून हटून बसला होता. दादाभाई दारोदार फिरले. आयर्लंडचे स्वराज्य, कामगारांचे हक्क, स्त्रियांचा मताधिकार यांवर बोलले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंबा दिला. उलट मध्य हिंदुस्थानात एजंट राहिलेले सर लेपेल ग्रिफिन यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा माणूस वंशाने, धर्माने, रीतिरिवाजाने परका असल्याचे मतदारांना बजावले.

जुलै १८९२ च्या पहिल्या आठवड्यात मतदान झाले. हुजूर पक्षाचे उमेदवार होते कॅप्टन पेंटन. मोजणीत दादाभाई ५ मतांनी पुढे निघाले. फेरमोजणी झाली तेव्हा आकडे आले २,९५९ आणि २,९५६. तीन मते! इंग्रजांना ‘नौरोजी’ म्हणता येत नव्हते. त्यांनी लगेच ‘नॅरो-मेजॉरिटी’ असे त्यांचे नाव पाडले, म्हणजे निसटत्या मताधिक्याचे गृहस्थ. ‘सेंट स्टीफन्स रिव्ह्यू’ या हुजूरपक्षीय साप्ताहिकाने मतदारसंघाचीच कानउघाडणी केली: एकही लायक इंग्रज, स्कॉट, वेल्श किंवा आयरिश माणूस मिळाला नाही म्हणून मुंबईच्या अग्निपूजकाला निवडता, तर लाज वाटू द्या. शपथ घेताना दादाभाईंनी आपल्या धर्माचा ग्रंथ हाती धरला, याचीही बातमी झाली.

तारयंत्राने निकाल मुंबईला पोचला आणि तिथून देशभर गेला. अभिनंदनाच्या सभा भरल्या, ठराव झाले, तारा गेल्या. मलकापूर-चिखलीकडच्या रानांत तेव्हा पेरण्या आटोपून डवरणी आणि निंदण सुरू होण्याचे दिवस. वेचणीला अजून तीन-चार महिने होते, भाव लिव्हरपूलवर ठरणार होता, आणि तोवरच्या पोटापाण्यासाठी कुणबी सावकाराच्या ओट्यावर बसलेला. त्याचे वीस रुपये ज्याने मोजले तो माणूस राणीच्या पार्लमेंटात जाऊन बसला होता, ही त्या जुलैतली त्याच्या उपयोगाची बातमी होती. छापून आली ती बहुतेक रंगाची, पगडीची आणि तीन मतांची.

इथे महात्मा फुल्यांची आठवण होते. ते १८९० च्या नोव्हेंबरात गेले. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा जाब गोऱ्या अंमलदाराला विचारला, आणि तितक्याच कडकपणे गावच्या सावकाराला, कारकुनाला, भटालाही विचारला. शूद्रातिशूद्रांशिवाय भरणारी काँग्रेस राष्ट्रीय कशी, असा त्यांचा सवाल होता. दादाभाईंच्या हिशेबात देशाबाहेर जाणारा पैसा दिसतो. गावातल्या गावात कोण कोणाचे ओरबाडतो ते त्यात येत नाही. दोन्ही हिशेब एकत्र मांडल्याशिवाय वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची खरी अवस्था कळत नाही. फुल्यांचे चरित्र १९२७ साली लिहिले ते चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी, सत्यशोधक चळवळीतल्या एका वऱ्हाडी तरुणाने. लंडनमध्ये मिळालेल्या प्रतिनिधित्वाने बुलढाणा जिल्ह्याचे समाधान झाले नव्हते, एवढे त्यावरून निश्चित समजते.

ऑगस्ट १८९२ मध्ये सॅलिसबरींचे सरकार पडले आणि ग्लॅडस्टन आले. दादाभाईंचे पहिले भाषण त्याच महिन्यात झाले. मग त्यांनी विषय धरला सनदी परीक्षांचा. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा फक्त लंडनमध्ये होई. ती हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्या, म्हणजे मोठ्या पगाराच्या जागा इथल्या मुलांना मिळतील आणि पैसा इथेच खर्च होईल. २ जून १८९३ रोजी लिबरल सभासद हर्बर्ट पॉल यांनी हा ठराव मांडला आणि सभागृहाने तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. आठ मतांनी का होईना, पार्लमेंट हिंदुस्थानच्या बाजूने झुकले होते. पण ठराव इंडिया ऑफिसकडून हिंदुस्थान सरकारकडे आणि तिथून प्रांतांकडे गेला. मद्रास सरकार सोडून सगळ्यांनी विरोध नोंदवला आणि तो बाजूला पडला. अशी परीक्षा इथे घेतली जायला १९२२ साल उजाडावे लागले.

त्या ८४-७६ च्या मतदानाला सॅलिसबरींच्या एका वाक्याइतका गवगवा लाभला नाही. पुढच्या पिढ्यांनीही हीच निवड केली. ‘काळा माणूस’ ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही सांगता येते, त्या ठरावाचे नाव कोणाच्या तोंडी नसते.

३ डिसेंबर १८९३ रोजी दादाभाई मुंबईत उतरले तेव्हा लोक रस्त्यांवर लोटले होते. ते लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून निघाले होते. लाहोरात विद्यार्थ्यांनी गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढली. अमृतसरला सुवर्णमंदिरात त्यांना सन्मानाची वस्त्रे दिली गेली. ६८ वर्षांच्या या वृद्धाला पाहायला आलेल्या गर्दीत वीस रुपयांचा निबंध वाचलेले किती असतील? थोडेच. पण या गर्दीला निव्वळ गाजावाज्यात जमा धरता येणार नाही. ज्यांच्याकडे दुय्यम माणूस म्हणून पाहिले जाई त्या लोकांना, आपल्यातला एक तिथे पोचला, हे डोळ्यांनी पाहायचे होते. ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शिकागोच्या मैदानात बराक ओबामांना पाहायला जमलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी होते, ते अशाच भुकेचे. वर्तमानपत्रांचा गाजावाजा या भुकेवर पोसतो, पण भूक खरी असते.

पार्लमेंटात मात्र कापडाची जकात पुन्हा वर आली होती. रुपया घसरला, खजिन्यात तूट पडली, म्हणून १८९४ च्या डिसेंबरात सरकारने आयात सुती कापडावर ५ टक्के जकात बसवली. लँकेशायरचे समाधान व्हावे म्हणून सोबतच हिंदी गिरण्यांच्या सुतावर तेवढाच अबकारी कर लादला. दोन वर्षांत हा कर सुतावरून गिरणीच्या कापडावर गेला आणि साडेतीन टक्क्यांवर स्थिरावला. खामगावच्या गाठी विकत घेणाऱ्या मुंबईच्या गिरणीला हा भुर्दंड. सॅलिसबरींनी १८७५ मध्ये धरलेला हट्ट दुसऱ्या पक्षाच्या राजवटीतही दुसऱ्या नावाने पुरा झाला. तीन मतांनी निवडून आलेला एकटा माणूस तो थोपवू शकत नव्हता.

१८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले आणि सॅलिसबरी पुन्हा पंतप्रधान झाले. याच निवडणुकीत त्यांच्याच हुजूर पक्षाने लंडनच्या बेथनल ग्रीनमधून एक हिंदी उमेदवार निवडून आणला: मंचरजी भावनगरी, तेही मुंबईचे पारशी. साम्राज्याचे समर्थक असल्याने त्यांच्या आडनावावर हिंदी टीकाकारांनी ‘बो-अँड-अग्री’ अशी कोटी केली, म्हणजे मान लवव आणि हो म्हण. सात वर्षांपूर्वी इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडणार नाही म्हणणाऱ्या पक्षाला आता तसा माणूस चालला. रंगाचा प्रश्न मुळात किती सोयीचा होता, हे सॅलिसबरींच्या आधीच्या कोणत्याही खुलाशापेक्षा या उमेदवारीतून जास्त कळते. अडचण माणूस काय बोलतो याची होती.

हरलेले दादाभाई हिशेबाच्या कामाला परतले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर त्यांची नेमणूक झाली होती. ब्रिटिश रॉयल कमिशनवर बसणारे ते पहिले हिंदी. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा या कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. गोखले तेव्हा जेमतेम तिशीतले. खर्चाच्या रकान्यांची उलटतपासणी चालू होती, आणि इकडे त्याच वर्षी दुष्काळ आणि प्लेग एकदम आले होते. दोन वर्षांत दुसरा दुष्काळ आला, १८९९-१९०० चा, छप्पनचा दुष्काळ म्हणून ज्याच्या आठवणी अजून निघतात तो. वऱ्हाड हा कापसाचा, म्हणजे पैशाच्या पिकाचा मुलूख. ज्वारीचा दाणा महाग झाला की हातात पैसा असणाऱ्यालाच तो मिळे, आणि कापूसच बुडाल्यावर पैसा येणार कुठून. दुष्काळी कामांवर खडी फोडायला माणसांच्या रांगा लागल्या.

१९०१ साली दादाभाईंचे थोर पुस्तक लंडनमध्ये छापून निघाले. त्याच्या नावातच हिंदुस्थानचे दारिद्र्य आणि ब्रिटिशांना न शोभणारा राज्यकारभार हे दोन्ही होते. सॅलिसबरींच्या त्या नस्तराच्या वाक्यालाही त्यात जागा होती. त्याच साली शिरगणती झाली. मलकापूर, चिखली आणि मेहकर या तीन तालुक्यांच्या तेव्हाच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसे भरली ४,२३,६१६. दहा वर्षांपूर्वीपेक्षा १२ टक्क्यांनी कमी.

जुलै १९०२ मध्ये सॅलिसबरी पंतप्रधानपदावरून उतरले. चार महिन्यांनी व्हाइसरॉय कर्झन यांनी हैदराबादच्या निजामाशी नवा करार केला. वर्षाला २५ लाख रुपये खंड देऊन वऱ्हाड कायमचे इंग्रजांच्या ताब्यात राहील, असे त्यात ठरले. सव्वीस वर्षांपूर्वी सालारजंगांनी लंडनला नेलेली मागणी अशा रीतीने निकालात निघाली. खंडाच्या रकमेबद्दल निजामाशी बोलणे झाले होते. मलकापुरात, चिखलीत किंवा मेहकरात कोणाला काही विचारले गेले नाही. नोव्हेंबरचा महिना होता तो, शेतांत कापूस फुटलेला आणि वेचणी चाललेली.